बशी ज्याची त्यानं

समता : पैसे परत मिळणार नाहीत आजोबा, आधीच सांगते. दुसरं काही असेल तर बोला.

जानराव : मांगतले का मी?

समता : काल दोघं येऊन खाऊन गेलात आणि आज मी शटर उचलायच्या आधी दारात उभे. असा येणारा माणूस पैशासाठीच येतो. अकरा महिन्यांचा अनुभव आहे माझा.

जानराव : बरेच येतात का असे?

समता : बुलढाण्यात एकशे ऐंशीला हॉट डॉग विकायचा म्हटल्यावर येणारच. एक गुरुजी म्हणाले, अर्धाच द्या, नव्वद घ्या. एक ताई भांडल्या, की कचोरीवाला मागेल तेवढी तर्री वरून घालतो, मग तुझ्या जास्तीच्या सॉसचे वीस रुपये कसले. एका भाऊंनी तर पाव उघडून आतलं सॉसेज वितीनं मोजलं. म्हणाले, धड वीतभरसुद्धा नाही.

जानराव : मंग काय सांगतलं त्याले?

समता : म्हटलं, मापावर विकायचं असतं तर कापडाचं दुकान टाकलं असतं. हसले. आता महिन्यातून दोनदा येतात, बायकोला घेऊन.

जानराव : बोलनं जमते तुले.

समता : भाव पक्का असला की बोलणं आपोआप येतं. बसा ना, उभ्यानं कशाला. हे बघा, पाव मी पहाटे पाचला येऊन इथंच भाजते, त्या मागच्या भट्टीत. सॉसेज इथंच भरते. चिकनचा खिमा, लसूण, मिरी आणि आपली लाल मिरची. बाहेरून गोठवलेलं आणत नाही. वरचा कांदा तासभर मंद आचेवर असतो, म्हणून तो गोड लागतो. पुण्यात हाच हॉट डॉग साडेतीनशेला जातो. पाच वर्षं तिथल्या हॉटेलात मीच करत होते, मला माहीत आहे. इथं एकशे ऐंशी घेते आणि त्यातला एक रुपया सोडत नाही. कचेरीतले साहेब असोत, कोर्टातले वकील असोत, कॉलेजची पोरं असोत.

जानराव : झालं?

समता : झालं.

जानराव : तं आता माह्यं आयक. मी एसटीत कंडक्टर होतो, एकतीस वर्ष. धाडची गाडी, चिखलीची गाडी. रोज कोनी ना कोनी तिकिटाच्या भावावरून कटकट करे. दीड कोसाचे एवढे पैसे काऊन, पोराचं हाफ काऊन, मांगच्या टायमाले कमी होते. मी एकच सांगू, भाव कागदावर हाये, वाचून घ्या. तं मले भावाचं काही वाटत नाही, पोरी. तुह्या पाटीवर लिहेल हाये, वाचूनच आत आलो. दोघाचे तीनशे साठ देल्ले, सुट्टे देल्ले. अन् चीज चांगली होती. माही बायको, बनाबाई, तिले दात नाहीत धड, तरी पाव पुरा खाल्ला तिनं.

समता : मग आवडलं तर भांडण कशाचं? असं करा, पुढच्या वेळी दोघांना वीस टक्के सूट. मी लिहून देते.

जानराव : आताच म्हने एक रुपया सोडत नाही.

समता : तुमच्यासाठी सोडते.

जानराव : म्हनजे तोंड बंद करायचे वीस टक्के.

समता : तसं नाही हो.

जानराव : तसंच हाये. मानूस काय म्हनून राह्यला ते न आयकताच हातात कूपन ठेवाचं. त्याच्यानं राग जात नाही, वाढते.

समता : बरं, चुकलं. सांगा काय झालं ते. मध्ये बोलत नाही.

जानराव : काल आमचं खाऊन झालं. उठलो. तू गल्ल्यावर होती. तिथून म्हनलं, आजोबा, प्लेट तिकडं ठेवा. कॉलेजचे चार पोरं बसेल होते, दोन बाया होत्या. सगळे पाहाले लागले.

समता : म्हटलं असेन. मी सगळ्यांनाच म्हणते. बशी ज्याची त्यानं उचलायची आणि नळापाशी तो निळा टब आहे, त्यात ठेवायची. लिहिलंय ना तिथं.

जानराव : कुठं?

समता : ते काय, काउंटरच्या काचेवर.

जानराव : इंग्रजीत हाये.

समता : हो. इंग्रजीत आहे.

जानराव : भाव मराठीत अन् नियम इंग्रजीत.

समता : ते चुकलंच. आजच मराठीत लावते. पण नियमात वाईट काय आहे, आजोबा? मी एकटी बाई. पाव मी, सॉसेज मी, गल्ला मी. बशा उचलायला माणूस ठेवला तर हॉट डॉग दोनशे वीसला जाईल, मग तुम्हीच म्हणाल महाग आहे. पुण्यात मोठमोठ्या दुकानांत लोक आपलं आपण उचलतात. कोणाला कमीपणा वाटत नाही.

जानराव : पुन्यातल्या लोकाइले वाटत नसन.

समता : तुम्हाला वाटला?

जानराव : मले राग आला. कमीपना वाटाचं वय गेलं माह्यं. पन बनाबाई. तू तिले पाह्यलं का काल, टबापाशी?

समता : आजींना? पाहिलं की. त्यांनी बशा नुसत्या ठेवल्या नाहीत, नळ सोडून दोन्ही धुतल्या. छान घासल्या, पदरानं पुसल्या आणि कट्ट्यावर उपड्या घातल्या. मला इतकं भारी वाटलं. मी म्हटलंसुद्धा, थँक्यू आजी.

जानराव : हाव. आयकलं मी.

समता : त्यांना ते आवडलं नाही का?

जानराव : ती कालपासून बोलली नाही. गाडीत नाही, घरी नाही. सुनेनं ताट वाढलं तं म्हने भूक नाही. आज सकाळी चहा घेता घेता एकच बोलली. म्हने, अवो, माहा हात आपोआपच गेला.

समता : मला खरंच समजलं नाही. हात कुठं गेला?

जानराव : नळाले. तिच्या माहेरच्या गावात चहाचं एक हॉटेल होतं. आपल्या लोकाइचे कप बाहेर, कुडाले खिळे ठोकेल होते, त्याले टांगेल राहे. आपला कप आपनच काढाचा, हॉटेलवाला वरून चहा ओते. पिऊन झाला का आपनच धुवाचा अन् परत खिळ्याले लावाचा. बनाबाई बापासंगं जाये. सहा-सात वर्षाची असन. बापाचा कप तीच धुये, बापाचे हात कामानं फाटेल राहे म्हनून. साठ वर्ष झाले त्याले. ते हॉटेल आता नाही, हॉटेलवालाबी नाही. आमचे पोरं शिकले, एक बँकेत हाये. अन् काल एकशे ऐंशीचा हॉट डॉग खाऊन उठली, तू म्हनलं प्लेट तिकडं ठेवा, तं तिनं नळ सोडला.

समता : मले समजलंच नाही, आजोबा.

जानराव : तुले कसं समजन.

समता : मी पण आपलीच आहे ना.

जानराव : माहीत हाये. बाहेर एवढ्या मोठ्या अक्षरात बोर्ड हाये, समताचं हॉट डॉग. म्हनून तं आत आलो. धाडवरून डोळ्याच्या डाक्टरकडं आलतो आमी. रस्त्याच्या पलीकडून बोर्ड वाचला अन् तिले म्हनलं, चाल, आपल्या कोना पोरीचं दुकान दिसते, कॉलेज रोडवर. ती म्हने, महाग असन. म्हनलं, असू दे महाग, आज खाऊ. तुले गल्ल्यावर बसेल पाहून लय आनंद झाला तिले. सारखी तुह्याकडंच पाहून राह्यलती. कोनाची हायेस तू?

समता : अमडापूरची. संघपाल गुरुजींची मुलगी. बाबा शाळेत होते.

जानराव : अमडापूरच्या गाडीवर चार वर्ष होतो मी. पाह्यलं असन तुह्या बाबाले.

समता : घरी मला हे कधी कोणी सांगितलं नाही. म्हणजे पुस्तकात वाचलंय, जयंतीच्या भाषणात ऐकलंय. पण असं कोणाचे हात जातात, हे नव्हतं माहीत. मला वाटलं आजींना स्वच्छतेची आवड आहे.

जानराव : तुले माहीत नाही हे बरंच झालं. त्याच्यासाठीच तं एवढं सगळं केलं लोकाइनं. त्याचा मले राग नाही.

समता : मग कशाचा आहे?

जानराव : शेजारच्या टेबलाचा.

समता : कोण होतं तिथं?

जानराव : पांढरा शर्ट, हातात अंगठी, आवाज मोठा. आमच्या आधी उठला. बशी तिथंच सोडली, हात धुतला, मोबाईलवर बोलत निंघून गेला. पैसे बी देल्ले नाहीत. अन् तू गल्ल्यावरून उठून त्याची बशी उचलली. हसत उचलली. मंग दोन मिनटानं मले म्हनलं, आजोबा, प्लेट तिकडं.

समता : शालिग्रामकाका.

जानराव : कोन तो?

समता : गाळ्याचे मालक. हा सगळा कॉम्प्लेक्स त्यांचा. भाजीपाला पिकवून पिकवून उभा केलाय त्यांनी. रोज बाराला येतात, एक खातात, जातात. मालकाला बिल कसं लावणार? आणि बशी म्हणाल तर पहिल्या दिवशी त्यांनी उचलली नाही, मी उचलली. मग तसाच पायंडा पडून गेला.

जानराव : अकरा महिन्यात त्याले एकदाबी सांगतलं नाही?

समता : नाही.

जानराव : अन् मले पह्यल्याच दिवशी.

समता : कसं सांगू तुम्हाला. तुम्ही ऐकाल असे दिसलात.

जानराव : हाव.

समता : म्हणजे मला तसं म्हणायचं नव्हतं.

जानराव : तसंच म्हन. खरं बोलली तू. आमी आयकनारे दिसतो. एकतीस वर्ष वर्दी घातली, चार पोरं शिकवले, तरी दिसतो. तुलेबी दिसलो, अन् तू तं आपली.

समता : लाज वाटते मला.

जानराव : लाजून काय होते. धंदा करतेस ना, मंग ठरव काहीतरी.

समता : नियमच काढून टाकते. आजपासून. बशा उचलायला बाई ठेवते, भाव दोनशे वीस करते. लोक ओरडले तर ओरडू देत.

जानराव : कोन येईन त्या कामाले?

समता : आहेत एक, भिमाबाई म्हणून. मागच्या महिन्यातच विचारत होत्या, काही काम आहे का.

जानराव : राह्यते कुठं?

समता : आपल्याच वस्तीत.

जानराव : पाह्य मंग. आतापर्यंत शालिग्रामची बशी तू उचलत होती, आता भिमाबाईनं उचलाची.

समता : मग मी करू तरी काय? तुम्हीच सांगा.

जानराव : मी नाही सांगत. दुकान तुह्यं हाये. नियम चांगला हाये तुहा, घरी जाऊन इचार केला तवा मलेबी पटला. बशी ज्याची त्यानं, याच्यात कोनी लहान नाही, कोनी मोठा नाही. पन असन तं सगळ्याइले, नाही तं कोनालेच नाही. एकाले सोडला का तो नियम राह्यत नाही, दुसऱ्याचा अपमान होते.

समता : पटतंय. पण आजच? अकरा महिन्यांचा करार या आठवड्यात संपतो, आज काका नव्या करारावर सही करायला कागद घेऊन येणार आहेत. शेजारचा मोबाईलवाला दोन हजार जास्त द्यायला तयार आहे या गाळ्याचे. तरी ते मला देतायत. मनानं वाईट नाहीत ते. पण आजच्या दिवशी त्यांना बशी उचला म्हटलं आणि त्यांचं डोकं फिरलं, तर माझी भट्टी कुठं नेऊ? ती भिंतीत बांधलेली आहे, उचलून नेता येत नाही.

जानराव : किती वाजता येते तो?

समता : बाराला. म्हणजे आता येतीलच.

जानराव : एक हॉट डॉग दे मले, चिकनचा. हे घे एकशे ऐंशी. मी इथं बसतो. तुले काही म्हननार नाही अन् त्यालेबी नाही.

समता : बघायला बसणार म्हणजे.

जानराव : खायले बसतो. दिसन ते दिसन.

समता : सॉस जास्त टाकू?

जानराव : वीस रुपये लावशील?

समता : लावीन.

जानराव : मंग टाक. हे वीस.

शालिग्राम : काय बेटा, आज बाराच्या आधीच गिऱ्हाईक? चांगलं हाये. माह्यं नेहमीचं दे, कांदा भरपूर. अन् हे पाह्य, कागद आनले. खाऊन झालं का सही मारतो अन् मोकळा होतो. तो मोबाईलवाला सकाळी परत आलता. म्हने, शालिग्रामभाऊ, दोन हजाराचे अडीच करतो. म्हनलं, नाही बाप्पा, पोरगी माह्या लेकीसारखी हाये.

समता : बसा काका. देते.

शालिग्राम : थांब. तुमी कोन? तुमाले कुठंतरी पाह्यलं मी. तुमी धाडच्या गाडीवर होते ना, कंडक्टर?

जानराव : होतो.

शालिग्राम : जानराव ना तुमी? मले ओळखलं का? पहाटची गाडी. भेंडीच्या टोपल्या.

जानराव : हाव, शालिग्राम. पह्यले बारीक होते तुमी.

शालिग्राम : बेटा, या मानसानं माह्या सहा टोपल्याचं लगेजचं तिकीट फाडलं होतं. मी म्हनलं, गरीब शेतकरी हावो, आजच्या दिवस सोडा. काही नाही, फाडलं. लय शिव्या देल्ल्या मी मनात.

जानराव : तोंडानं देल्ल्या.

शालिग्राम : देल्ल्या असतीन. लहान होतो, तोंड फाटकं होतं. पन सांगतो बेटा, पुढच्या थांब्यावर आमचे सरपंच चढले दोन पोते घेऊन. यानं त्याचंबी फाडलं. सरपंच ओरडून राह्यले, नोकरी घालवीन म्हने, अन् हा गुमान तिकिटं टोचून राह्यला. तवा माह्या टोपल्याचा राग गेला. खा जानराव, तुमीबी खा. ही पोरगी पाव लय मस्त भाजते.

(शालिग्राम खाऊन उठतात. बशी टेबलावरच आहे.)

शालिग्राम : कांदा एक नंबर होता आज. आन बेटा पेन, सही करतो.

समता : काका, आधी बशी.

शालिग्राम : काय?

समता : बशी त्या निळ्या टबात ठेवायची असते. नळापाशी. खाणारा माणूसच ठेवतो इथं.

शालिग्राम : गंमत करून राह्यली का?

समता : नाही.

शालिग्राम : अकरा महिन्यापासून खाऊन राह्यलो मी. एक दिवस म्हनली नाही.

समता : ती माझी चूक. अकरा महिने मी तुमची बशी उचलली आणि बाकी सगळ्यांना त्यांची उचलायला लावली. आजपासून तसं नाही.

शालिग्राम : मी मालक हावो या गाळ्याचा.

समता : गाळ्याचे मालक तुम्हीच, त्यात वादच नाही. पण टेबलावर खायला बसलात की गिऱ्हाईक. आणि गिऱ्हाईक म्हटलं की एकशे ऐंशी.

शालिग्राम : बिलबी लावशील?

समता : लावते. मी तुम्हाला भाडं एक तारखेला देते की नाही? कधी म्हटलं का, तुम्ही माझ्या वडिलांसारखे आहात, या महिन्याचं सोडा?

शालिग्राम : हे बरं नाही, बेटा. मी तुह्यासाठी अडीच हजार सोडून राह्यलो अन् तू मले बशी उचलायले लावतेस. लोकं काय म्हनतीन?

समता : कोणी काही म्हणणार नाही. इथं रोज वकील लोक आपली बशी घेऊन त्या टबापाशी जातात. काल एक आजी गेल्या, पासष्टच्या वर असतील. त्यांना मी सांगू शकते, तुम्हाला नाही, हे मला आता जमत नाही काका. मी रात्रभर विचार करून नाही सांगत, आत्ताच समजलंय मला. पण समजलंय.

शालिग्राम : जानराव, तुमी शिकवलं का हे हिले?

जानराव : मी खाऊन राह्यलो.

शालिग्राम : मोबाईलवाल्याले मी आताच्या आता फोन लावू शकतो, बेटा. तुले माहीत हाये.

समता : माहीत आहे.

शालिग्राम : तुही भट्टी भिंतीत हाये.

समता : हो. ते पण माहीत आहे.

शालिग्राम : अन् तरी म्हनतेस.

समता : तरी म्हणते. बशी ज्याची त्यानं.

जानराव : चला शालिग्राम, माह्यंबी झालं. संगंच ठेवू.

शालिग्राम : तुमी बसा हो. तुमचं वय झालं.

जानराव : बशीले काय वजन हाये. चला.

शालिग्राम : कुठं ठेवाची? इथं?

समता : तिथंच, टबात.

शालिग्राम : अन् आता धुवाची बी का मीच?

समता : नाही काका, धुवायची कोणीच नाही. नळाला हात लावायचा नाही. धुणं माझं काम आहे.

शालिग्राम : घे. दोनशे हायेत.

समता : हे वीस तुमचे.

शालिग्राम : कागद मी घरी नेतो. आज सही होत नाही माह्यानं, डोकं गरम झालं. उद्या पाहू.

समता : उद्या बाराला वाट बघते.

शालिग्राम : येईन का नाही, सांगत नाही.

समता : आलात तर कांदा भरपूर टाकीन. नेहमीसारखा.

शालिग्राम : लय खट पोरगी हायेस तू. जातो, जानराव.

जानराव : या.

समता : गेले.

जानराव : भ्याली का?

समता : हो. बोलताना नाही, आता.

जानराव : मले नाही वाटत तो तुले काढीन. पन मानसाचं सांगता येत नाही.

समता : काढलं तर काढलं. भट्टी दुसरीकडं बांधेन, पत्र्याच्या शेडमध्ये बांधेन. पाव मला येतो, तो कोणाच्या गाळ्यात अडकलेला नाही. पण बरं वाटलं आजोबा. अकरा महिन्यांत मला वाटायचं मी भावाला पक्की आहे, कोणापुढं नमत नाही. आणि रोज बाराला नमत होते, ते मलाच दिसत नव्हतं.

जानराव : दिसलं ना आता. बस झालं.

समता : उद्या आजींना घेऊन या.

जानराव : ती नाही यायची. मी घरी जाऊन सगळं सांगीन तिले, झालं तसं. ती आयकून घेईन. पन सकाळीच म्हने, त्या दुकानात पुन्हा गेली तं माहा हात पुन्हा नळाकडंच जाईन, मले माह्या हाताचा भरोसा नाही.

समता : धाडची गाडी किती वाजता आहे?

जानराव : दीडची एक हाये. मंग साडेचारची. काऊन?

समता : मी चारला दुकान बंद करते आज. साडेचारच्या गाडीनं येते तुमच्या घरी.

जानराव : चारनंतर तं कॉलेज सुटते. तेच तुह्यं खरं गिऱ्हाईक हाये.

समता : उद्या येतील ती.

जानराव : एवढं काय काम हाये?

समता : काल मी आजींना थँक्यू म्हटलं ना, बशा धुतल्या म्हणून. ते मले परत घ्यायचं हाये.

जानराव : मी दीडच्या गाडीनं जानार होतो. आता थांबतो. साडेचारची लय भरते, पोरी. मी आधी जाऊन रुमाल टाकून तुही जागा धरतो.